बॅटरीचा निर्जळी उपवास

३ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी सहा.
देवापुढे दिवा लावून संकल्प सोडला. आजपासून हात उचलणार नाही, वावगा शब्द काढणार नाही, वस्तू फेकणार नाही. निमित्त, लेकीचा फोन. तिचे दिवस भरत आले, आठ नोव्हेंबर तारीख दिली आहे. म्हणाली, आई, बाबांना घेऊन ये, पण मागच्या वेळसारखं करणार असशील तर एकट्या बाबांनाच पाठव. मागच्या वेळी तिच्या वॉशिंग मशीनवाल्याला मी त्याच्याच पान्याने हाणलं होतं. एकदाच. त्याचं हिला अजून! मी मुळात शांत स्वभावाची बाई. लोक अंत पाहतात, त्याला मी काय करणार?

नवी वही सुरू केली. डाव्या पानावर रोजनिशी, उजव्या पानावर दोन रकाने: राग गिळला, राग काढला. घराचा हिशोब एकतीस वर्षं चुकला नाही. रागाचा चुकायचं कारण नाही.

दुपारी. गाडी आली. सव्वीस वर्षं ह्यांनी जिच्यातून पाव पोचवले तीच बेकरीची व्हॅन. निवृत्त झाल्यावर ह्यांनीच विकत घेतली. आत दोन पलंग, एक ओटा, आणि पावाचा वास काही केल्या जात नाही. लेकीच्या घरी जायचं म्हणजे वाटेत दोन रात्री. ह्यांना झोपताना नाकावर मास्क लावून हवेचं मशीन लागतं, नाहीतर झोपेत श्वास अडकतो. एक रात्रही चुकवायची नाही, असं डॉक्टरने बोट दाखवून सांगितलंय. (माझ्याकडे बोट. मी गिळलं.) मशीनला वीज हवी, विजेला इन्व्हर्टर, इन्व्हर्टरला बॅटरी. इन्व्हर्टर धाकट्या भावजींनी बसवून दिला. म्हणाले, वहिनी, बॅटरीचंही मीच बघतो. मी म्हटलं, मॅट्रिकला गणितात बहात्तर मार्क होते मला, तुम्हाला किती?

गिळला २, काढला ०. उत्तम सुरुवात.

५ ऑक्टोबर, रविवार.
वही घेऊन घरभर फिरले, एकेका वस्तूची पाठ वाचली. ह्यांचं मशीन पन्नास वॉट, आठ तास, झाले चारशे. पंखा, दिवा, मोबाइल मिळून दोनशे. चहाची किटली पंधराशेची, पण दहाच मिनिटं, म्हणजे अडीचशे. एका रात्रीचे साडेआठशे. दीडशे अँपिअरची बॅटरी भरलेली असली की अठराशे देते. दोन रात्रींचे सतराशे वजा जाता शंभर शिल्लक. झालं! एवढ्याशा गणितासाठी लोक इंजिनिअर होतात.

संध्याकाळी भावजींना दाखवलं. त्यांनी आधी मान हलवली, मग चष्मा काढला, मग सुरू झाले. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो म्हणे. साधी आम्लाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य संपतं म्हणे, म्हणून अठराशेचे नऊशेच धरा. त्यापेक्षा लिथियम घ्या, वजनाला निम्मी, जवळजवळ तळापर्यंत वापरता येते. किंमत सांगितली. मी त्यांच्या हातातला मोबाइल घेतला, ज्यावर ते मला व्हिडिओ दाखवत होते, आणि पोछ्याच्या बादलीत ठेवला. ठेवला. बादली दारात होती आणि मी ओट्यापाशी, एवढंच.

काढला ० लिहिलं होतं, ह्यांनी नुसतं बघितलं. ½ केलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार.
बॅटरीच्या दुकानात गेलो. बॅटरीवाला बैलासारख्या मानेचा, बोलतो मात्र गोड. तीन प्रकार दाखवले. एक गाडी स्टार्ट करायची, ती नको म्हणाला, ती एकदम ढकलते आणि थकते. दुसरी ट्युब्युलर, घरच्या इन्व्हर्टरला असते ती, जड पण सोशिक. तिसरी तीच, लिथियम. ट्युब्युलर घेतलीत तर दोन घ्या, म्हणाला, म्हणजे कुठलीच अर्ध्याखाली जाणार नाही.

मी म्हटलं, अर्धीच वापरायची तर अर्धीच विका, आणि पैसेही अर्धेच घ्या. तो म्हणाला, बाई, पोट आहे म्हणून फुटेपर्यंत जेवता का? माझ्या पोटावर आला. मी पिशवी काउंटरवर ठेवली. पिशवीत पाच किलो तांदूळ होता हे मी विसरले. काच तडकली. तिला आधीपासूनच तडा असणार. त्याने काउंटरला वळसा घालून स्टूल उचललं. मी तांदूळ उचलला. हे मध्ये पडले, स्टूल खांद्यावर बसलं आणि तांदूळ पाठीत. ह्यांना मध्ये पडायची भारी सवय.

शेवटी कोपऱ्यात धूळ खात पडलेली एक ट्युब्युलर त्याने पुष्कळ कमी भावात दिली. पैसे मोजलेसुद्धा नाहीत. घ्या आणि जा, फक्त जा, म्हणाला. सौदा करायचं कसब लागतं. सोबत कार्ड दिलं: अर्ध्याखाली नेऊ नका, डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, रिकामी ठेवू नका. कार्ड देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. न वाचता नाही, वाचून. पटलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
भावजींनी बॅटरी पलंगाखाली बसवली. मी उभी राहून देखरेख केली. माझ्या गाऊनच्या खिशात पकड असते, नेहमीच असते, बाईमाणसाला घरात शंभर कामं. वाकून बघायला गेले तर पकड खिशातून घसरली आणि बॅटरीच्या दोन्ही खांबांवर आडवी पडली. निळा जाळ! बंदुकीसारखा आवाज! पकडीचा अर्धा दात वितळला, भावजींची डावी भुवई गेली, मी पकड ओढायला गेले तर तळहाताला चरका बसला. मी बॅटरीला लाथ घातली. अंगठा सुजून बटाटा झालाय.

हे काढल्याच्या रकान्यात धरत नाही. तिने आधी हात उचलला.

११ ऑक्टोबर, शनिवार. जपानंतर.
जप करताना सुचलं. मी सोमवारी उपवास करते, त्याने शरीर हलकं राहतं, भूक ताब्यात येते. बॅटरीला हेच का नको? नवी सून पहिल्याच महिन्यात वळणावर आणावी लागते, नंतर ती आपल्याला वळण लावते. आठवड्यातून एक दिवस बॅटरी पूर्ण रिकामी करायची, तशीच ठेवायची, दुसऱ्या दिवशी पारणं. महिन्याभरात ती थोड्यात जास्त काम करायला शिकेल. अर्ध्याखाली नेऊ नका म्हणे! हे दोन बॅटऱ्या खपवायचं शास्त्र.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी विचारलं, भावजींना विचारूया का? मी हातातलं ताट जरा जोराने ठेवलं. ताट वाकलं. ह्यांनी विषय बदलला.

१३ ऑक्टोबर, सोमवार.
पहिला उपवास. इन्व्हर्टर भित्रा आहे, बॅटरी थोडी उतरली की शिट्या मारून बंद पडतो. म्हणून व्हॅनचा जुना हेडलाइट थेट बॅटरीला जोडला. दुपारपर्यंत पिवळा झाला, संध्याकाळी काजव्याएवढा, मग विझला. छान वाटलं. मी केळी आणि दूध घेतलं. तिने काहीच नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.
पारणं. चार्जर जोरावर लावला. आतून फसफस, आंबट वास. झाकण उघडून डोकावले, तर थेंब उडून गाऊनला सहा भोकं. पाणी कमी झालेलं दिसलं. घालणार होते, मग म्हटलं उपवास अर्धवट करण्यात काय अर्थ? निर्जळी.

२० ऑक्टोबर, सोमवार.
मधल्या गुरुवारी आणि शनिवारीही उपवास घडवले. आज चौथा. भावजी नेमके आले, हेडलाइट बघितला, आणि ओरडले. वहिनी, काय करताय काय! दादाचा श्वास आहे तो! वायर उपटायला धावले. मी त्यांना उपटू दिलं नाही. बाचाबाची झाली. त्यांनी माझं मनगट धरलं, मी त्यांच्या पोटरीला चावले नाही, चावल्यासारखं केलं. दातांचे वण उमटले कारण त्यांची कातडी नाजूक. त्यांनी झाडू फेकला, मी खराटा. खराटा जास्त लांब असतो. हे ओसरीवर उभे राहून दोन्ही हात वर करून पुरे पुरे म्हणत होते, ट्रॅफिकवाल्यासारखे.

भावजी लंगडत गेले. जाताना ह्यांच्या कानात काहीतरी बोलले. घरातली फूट अशीच सुरू होते.

२२ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी.
काल अंगणातच व्हॅनमध्ये झोपून रंगीत तालीम केली. पहाटे जाग आली तर ह्यांचा पलंग रिकामा. हे ड्रायव्हरच्या सीटवर ताठ बसलेले, ओठ निळसर, डोळे लाल. मशीन पाऊण तासात बंद पडलं म्हणे. मग रात्रभर बसून काढली. मला उठवलं का नाही? हे म्हणाले, तुझी झोप मोडली की मग. मग काय, ते बोलले नाहीत.

माझं मत: बॅटरी अजून खुलली नाही. मशीन जास्त खातंय. शिवाय हे झोपेत फार श्वास घेतात.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.
बॅटरीवाल्याला जाब विचारायला गेलो. बॅटरी हातगाडीवरून नेली. त्याने सहाही झाकणं उघडली, आत टॉर्च मारला, काचेच्या नळीने आम्ल ओढून बघितलं. नळीतला तरंगा उठेचना. आतल्या पट्ट्या कोरड्या, वर पांढरी बुरशी. विचारलं, कितीदा तळापर्यंत उतरवली? मी अभिमानाने सांगितलं, चार निर्जळी उपवास. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. बाई, म्हणाला, तुम्ही बॅटरीचा खून केलात, आणि तोही उपाशी ठेवून!

खुनी म्हणाला. मला. दिवसाला एकशेआठ मण्यांची माळ ओढणारीला.

मी काचेची नळी फेकली. त्याने आम्लाने भिजलेलं फडकं फेकलं. मी नरसाळं, त्याने टॉर्च. मोटरसायकलची बॅटरी घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक हेल्मेट घालूनच मध्ये घुसलं, त्याच्या हेल्मेटवर गुद्दा मारायला जाऊन माझी बोटं सोलली. शेल्फ आडवं झालं. मग एक पाना उडाला आणि ह्यांच्या कपाळावर बसला. पाना कोणी फेकला याबद्दल दोन मतं आहेत. एक माझं आणि एक बाकी सगळ्यांचं.

दोन टाके. फक्त दोन. डॉक्टरने विचारलं, कसं लागलं? हे म्हणाले, दार लागलं. खोटं बोलण्याचा मला तिटकारा आहे, पण मी राग गिळला. उजव्या पानावर आज एवढंच लिहिते: गिळला १.

२७ ऑक्टोबर, सोमवार.
उपवास चालूच. माघार नाही. आज हेडलाइट सात मिनिटांत विझला. भूक किती आटोक्यात आली बघा.

लेकीचा फोन. बाबांच्या कपाळाला काय झालं, तिला कसं कळलं कोण जाणे. म्हणाली, आई, बाळाजवळ यायचं तर हात रिकामे घेऊन यायचं. मी म्हटलं, रिकाम्या हाताने का येऊ, टोपडी शिवलीत. तिने फोन ठेवला.

२९ ऑक्टोबर, बुधवार.
भावजी आले, बगलेत काहीतरी चादरीत गुंडाळलेलं. मी लाटणं घेऊन दारात. म्हटलं, काय आहे? म्हणाले, गाडीची खडखड काढायचं सामान. तोंडातून मध्येच लिथि एवढंच निघालं, पुढचं लाटण्याने थांबवलं. ओठ फाटला. रक्त हनुवटीपर्यंत. मला वाटलं आता उलटा वार येणार, मी तयारीत. पण भावजींनी रुमाल लावला आणि हात जोडले. वहिनी, तुमचंच खरं. बॅटरी तुमचीच राहील. मला फक्त खडखड काढू द्या.

बघा! सत्य पटायला उशीर लागतो, पण पटतं. चार तास व्हॅनमध्ये ठोकठोक करत होते. हे बाहेर खुर्ची टाकून बसले, मला आत जाऊ देईनात, धूळ आहे म्हणे. किती काळजी.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी.
विजय! दुसरी तालीम. मशीन रात्रभर चालू. सकाळी किटलीसुद्धा चालली. ह्यांचा चेहरा टवटवीत, टाके सुकलेले. हे पाच उपवासांचं फळ. भावजींना निरोप पाठवला की येऊन माफी मागा. आले आणि मागितली. ओठ सुजल्यामुळे नीट ऐकू आलं नाही, पण भावना पोचली.

अर्ध्यावर अडलेल्या साऱ्या जगाला हे सांगायला हवं. लेकीकडून परत आले की वर्ग घेईन.

२ नोव्हेंबर, रविवार.
बांधाबांध. हे हल्ली सारखी वेळ विचारतात. बेकरीने निवृत्तीला दिलेलं घड्याळ कुठेय विचारलं तर दुरुस्तीला टाकलंय म्हणाले. चांगलं चालत होतं. वस्तू जपत नाहीत. डब्याचं झाकण फेकलं, पण भिंतीवर.

५ नोव्हेंबर, बुधवार. एका पेट्रोल पंपाच्या मागे.
काल निघालो. पहिली रात्र निर्विघ्न. मशीन फुस्स फुस्स करत होतं, मी अर्धवट झोपेत प्रत्येक फुस्सला एक मणी ओढला. बाजूला एका ट्रकवाल्याने आमच्या दाराला खेटून गाडी लावली होती, त्याच्याशी थोडं झालं. त्याचा आरसा. असो. हे म्हणाले, लवकर निघूया.

वाटेत फोन. मुलगी झाली! पहाटे! तीन दिवस आधी! मी ह्यांच्या पाठीत थाप मारली, आनंदाची. हे दचकले आणि गाडी रस्त्याच्या कडेला उतरली.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
पोचलो. ह्यांचा श्वास शाबूत, बॅटरी शाबूत, वेळेत. लेकीने बाळ ह्यांच्या मांडीवर दिलं. मी हात पुढे केले तर म्हणाली, प्रवासाची धूळ आहे. ह्यांनाही तीच धूळ होती. गिळला.

घरात पाहुणे फार, म्हणून आम्ही झोपायला व्हॅनमध्येच.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपार.
अक्षर वाईट येतंय.

जेवण झाल्यावर हे व्हॅनमध्ये मशीन लावून जरा पडले होते. जावयांना बॅटरी दाखवायची ठरवलं होतं, म्हणून आधी खांबांवरची पांढरी बुरशी साफ करायला पलंगाखाली वाकले. अर्ध्या दाताच्या पकडीने खरवडताना जाड केबल खांबावरून निसटून माझ्या हातात आली. ह्यांचा श्वास माझ्या हातात! जोडायला गेले, बोटं चालेनात, देवाचं नाव तोंडात येईना.

आणि वर मशीन फुस्स फुस्स करतच होतं.

केबल ओढली. ओढत गेले. दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. चिंधीत गुंडाळून खिळ्याला बांधलेलं. फळी उचकटली, तर आत डब्याएवढी निळी पेटी, भावजींच्या चादरीत, तिच्यातून दोन वायरी इन्व्हर्टरला. वर भावजींच्या अक्षरात चिठ्ठी: दादा, वहिनीला कळू देऊ नकोस, घड्याळ सोडवून आणायचं मी नंतर बघतो.

म्हणजे एकोणतीस तारखेपासून. म्हणजे त्या रक्ताळलेल्या ओठाने.

मी उठले. फक्त विचारायचं होतं की मला का नाही सांगितलं. एवढंच. ह्यांच्या पलंगापाशी उभी राहिले. ह्यांनी डोळे उघडले, मला बघितलं, आणि मास्कसकट दोन्ही हात डोक्यावर घेतले. टाक्यांवर.

मी हाताकडे बघितलं. पकड वर उचललेली होती. कधी उचलली आठवत नाही.

झोपेत होते. झोपेत माणूस काहीही करतं.

९ नोव्हेंबर, रविवार.
उजव्या पानांची बेरीज केली. गिळला चौदा. काढला साडेतीन. हिशोब बरोबर आहे, पुन्हा पुन्हा केला. मग डावी पानं वाचली. बेरीज खोडली.

१० नोव्हेंबर, सोमवार.
ट्युब्युलर भंगारात दिली. भंगारवाल्याने हलवून बघितली, म्हणाला, आत थेंब नाही, कोणी मारली एवढी? मी म्हटलं, मी.

पकडही त्यालाच दिली.

संध्याकाळी लेक म्हणाली, खिसे दाखव. दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. मग तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. केवढंसं. मूठ घट्ट मिटलेली. हे समोरच्या खुर्चीत बसून बघत होते, हसत होते. बाळाच्या कपाळावर एक माशी बसली. हाकलायला मी हात उचलला.

ह्यांनी मान मागे घेतली.

हात खाली आणला. फुंकर घालून माशी उडवली.